इंचमास्तरांची मधली रेघ

इंचमास्तरांना तोंडावर कुणी इंचमास्तर म्हणत नसे. पाठीमागे मात्र सगळेच म्हणत. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं रे चढलं की मास्तर चष्म्याच्या वरून एकदा बघत आणि टेप गळ्यातच ठेवून सांगून टाकत, "छाती अडतीस, कंबर पस्तीस, आणि डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. पिशवी रोज त्याच हातात धरता वाटतं." मग टेप लावायचा तो गिऱ्हाइकाचं समाधान म्हणून. कुणाचं पोट सुटलं, कोण काळजीने झिजतोय, कोण चोरून व्यायाम करतोय, हे गल्लीत सगळ्यांत आधी मास्तरांना कळे. मास्तरांकडून ते बायकोला कळे. आणि बायकोला कळल्यावर पुढे कुणाला कळायचं राहत नसे.

त्यांच्या धंद्याची दोनच तत्त्वं होती. पहिलं, गिऱ्हाईक खोटं बोलतं, कापड खोटं बोलतं, टेप बोलत नाही. दुसरं, शर्टाचे दोन्ही पल्ले सारखे. मधल्या पट्टीपासून डावीकडे जेवढं तेवढंच उजवीकडे. यात दोऱ्याचा जरी फरक दिसला तरी मास्तरांना जेवण गोड लागत नसे. एकदा शेजारच्या दुकानदाराने भिंतीवर फोटो किंचित तिरका लावला, तर मास्तरांनी चार दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

असा हा माणूस. पण दिव्याखाली अंधार. जगाची कंबर मोजणाऱ्याला स्वतःची कंबर उतरतेय हे दिसलं नाही. दिसलं बायकोला.

"अहो, ही पँट तुम्ही तिसऱ्यांदा आत घेताय. दुसऱ्या कुणाची असती तर एव्हाना मला त्याचं निदानसुद्धा सांगून मोकळे झाला असतात."

"कापड सैल पडलंय."

"कापड नाही, तुम्ही पडलाय सैल. उद्या दवाखाना."

दवाखान्यातून मोठ्या इस्पितळात, आणि तिथून पुढे सगळा गोंधळच. एका तपासणीला उपाशी यायचं, दुसरीला पाणी पिऊन यायचं. एकीत हलायचं नाही, दुसरीत श्वास रोखायचा, तिसरीत सुई टोचून अंधाऱ्या खोलीत तासभर न बोलता बसायचं. ही न बोलण्याची तपासणी मास्तरांना सगळ्यांत जड गेली. प्रत्येक वेळी आतून एक काळंपांढरं चित्र बाहेर यायचं. त्यात मास्तर स्वतःला शोधायचे आणि त्यांना ढग दिसायचे. डॉक्टरीणबाईंनी पेनचं टोक एका ढगावर ठेवून सांगितलं, "ही गाठ. आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. आधी रेडिएशनने ती लहान करू, मग ऑपरेशन. अठ्ठावीस वेळा यायचं, शनिवार-रविवार सोडून रोज. मध्ये खंड पडता कामा नये, तेवढं सांभाळा."

रेडिएशनला तिथे सगळे शेक म्हणत. नावावरून मास्तरांना वाटलं, गरम पाण्याच्या पिशवीसारखं काहीतरी असणार.

पहिल्या दिवशी शेक नव्हताच, आखणी होती. मास्तरांना एका फळीवर निजवलं, स्कॅन काढला, भिंतीतून लाल उजेडाच्या दोरीसारख्या सरळ रेषा त्यांच्या पोटावर येऊन पडल्या, आणि मशीनवरच्या ताईंनी पेन काढून त्या उजेडावरच रेघा ओढल्या. ओटीपोटावर एक अधिकची खूण, दोन्ही कुशींवर एकेक. या ताई म्हणजे तिशीतली ठेंगणी, चटपटीत बाई. हात असा स्थिर की मास्तर निजल्या निजल्या खूश झाले.

"म्हणजे आमच्यासारखंच की. आधी खूण, मग कातर."

"तसंच," ताई म्हणाल्या. "फक्त एक लक्षात ठेवा मास्तर. या रेघांवरच रोजचं सगळं अवलंबून आहे. घासायच्या नाहीत. पुसट झाल्या तर मला येऊन सांगायचं. स्वतः हात लावायचा नाही."

मास्तरांनी मान हलवली. चाळीस वर्षं खडूने खुणा करणाऱ्या माणसाला खुणेचं महत्त्व सांगतेय, म्हणून गालातल्या गालात हसलेही. वाक्याचा पहिला भाग त्यांच्या डोक्यात पक्का बसला. शेवटचा कुठे गळला, देव जाणे.

मग रोजचा क्रम सुरू झाला. तळघरातली बिनखिडकीची लांब खोली, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, आणि प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली. कारण पोटाचा शेक घ्यायचा तर मूत्राशय भरलेलं लागतं. ते फुगलं की मधलं आतडं वर सरकतं आणि वाचतं. म्हणून तीन ग्लास पाणी प्यायचं आणि नंबर येईपर्यंत धरून बसायचं. मास्तरांच्या पुढचा-मागचा नंबर एका निवृत्त पोस्टमनचा असायचा. आयुष्यभर दारोदार फिरलेला माणूस. एका जागी बसायची शिक्षा झाल्यासारखा सारखा पाय हलवायचा.

नंबर आला की जाडजूड दाराच्या आत जायचं, फळीवर निजायचं, ताई लाल उजेडाच्या रेषा पोटावरच्या रेघांशी जुळवायच्या, बाहेर जायच्या, आणि ते अवाढव्य मशीन मास्तरांभोवती गरगर फिरायचं. पाच-दहा मिनिटं. संपलं.

आणि इथेच मास्तरांच्या मनात किडा शिरला. काही भाजत नाही, टोचत नाही, कळतसुद्धा नाही. मग लागतंय कुठे? गाठीवर लागतंय की गाठीच्या शेजारी?

"पत्र पेटीत टाकलं की पोचतं," पोस्टमन म्हणाले. "ते वाटेत ओरडत जातं का, मी निघालो, मी पोचलो म्हणून?"

"आणि पत्ता अर्धा इंच चुकला तर?"

"पत्त्यात इंच नसतात हो मास्तर."

"माझ्यात असतात."

पोस्टमन हसले, मास्तर हसले नाहीत. अकरा वेळा शेक झाला होता. या अकरांतला एक जरी गाठ सोडून भलतीकडे गेला असेल तर? विचारावं तर कुणाला? ताई घाईत, डॉक्टरीणबाई त्याहून घाईत. मास्तरांना विश्वासाचं एकच माणूस माहीत होतं, ते त्यांच्या गळ्यात लटकत होतं.

रविवारी दुपारी बायको बहिणीकडे गेली, तसे मास्तर बंद दुकानात शिरले. ट्रायलच्या खोलीत माणूसभर उंचीचा आरसा होता. शर्ट काढला, आरशासमोर उभे राहिले आणि समोर आलेल्या गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं त्या हडकुळ्या माणसाचं माप घेतलं. कंबर अजून एक इंच उतरलेली. हे त्यांना अपेक्षितच होतं. मग मधल्या रेघेपासून कुशीवरच्या खुणांपर्यंत टेप लावला. डावीकडे नऊ इंच. उजवीकडे दहा.

मास्तरांनी पुन्हा मोजलं. नऊ आणि दहा.

पल्ले सारखे नव्हते! वर्षांपूर्वी एका वकिलाचा कोट त्यांनी जुन्या मापावर शिवला होता. वकील मधे आजारी पडून उतरला होता, हे कुणी सांगितलंच नाही. कोट त्याच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसला, आणि कोर्टात हसं झालं ते वेगळंच. अंग उतरलं की खूण सरकवायची, हा धडा तेव्हाच गिरवला होता. इथेही तेच झालं असणार. मास्तर उतरले, रेघ होती तिथेच राहिली. बिचाऱ्या ताईंना काय कळणार, त्या कापडावर थोड्याच शिकल्यात!

ओल्या फडक्याला साबण लावून त्यांनी मधली उभी रेघ पुसली. कपड्यावर नावं घालायचं पक्क्या शाईचं पेन होतंच. आरशातल्या गिऱ्हाइकाच्या पोटावर नेम धरून, श्वास रोखून, अर्धा इंच उजवीकडे नवी रेघ ओढली. अशी सरळ की ताईंनी बघावं. टेप लावला. इकडे साडेनऊ, तिकडे साडेनऊ. त्या रात्री मास्तरांना जेवण गोड लागलं.

सोमवार म्हणजे चित्राचा वार. पहिले तीन दिवस रोज आणि मग दर सोमवारी, शेकाच्या आधी मशीन आतलं एक चित्र काढी आणि आखणीच्या चित्राशी ताडून बघे. मास्तर फळीवर निजले. ताईंनी उजेड रेघांशी जुळवला, बाहेर गेल्या. मशीन फिरलं. थांबलं. आणि पुढे काहीच होईना.

दार उघडून ताई परत आल्या.

"मास्तर, हललात का?"

"मी? चाळीस वर्षं लोकांना हलू नका म्हणून सांगतोय मी."

पुन्हा जुळवलं, पुन्हा चित्र. ताई पुन्हा आत. या वेळी त्या मास्तरांकडे न बघता त्यांच्या पोटाकडे बघत होत्या. वाकून, अगदी जवळून.

"ही रेघ कुणी ओढली?"

आता मास्तर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. पण खरं बोलायची त्यांना घाईही नव्हती. पोटात तीन ग्लास पाणी, वर हे मशीन डोळे वटारून उभं. "ती... जरा पुसट झाली होती," ते म्हणाले.

"मास्तर!"

"मधोमध नव्हती हो ताई! मोजून बघितली. एक इंचाचा फरक. मी फक्त अर्धा इंच सरकवली. उजवीकडे."

ताईंनी कपाळाला हात लावला, पण त्यांचा जीव भांड्यात पडलेलाही दिसला. कारण सापडलं होतं. त्या धावत बाहेर गेल्या, काचेपलीकडच्या पडद्यावर बघितलं, आणि आल्या त्या चेहरा पाडूनच.

"नक्की उजवीकडे?"

"उजवं-डावं शिंप्याला विचारता?"

"चित्र म्हणतंय डावीकडे."

"चित्र चुकत असेल."

हे वाक्य मास्तरांनी सहज टाकलं, आणि तेच महाग पडलं. डॉक्टरीणबाई आल्या. मशीनचं गणित सांभाळणारे, चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ आले. त्यांना तिथे फिजिसिस्ट म्हणत. तिघं पडद्यासमोर कुजबुजू लागली. मास्तरांना अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. रेघ अर्धा इंच उजवीकडे गेली असेल, तर चित्र तसं दिसायला हवं. दिसतंय अर्धा इंच डावीकडे. म्हणजे मधला अख्खा एक इंच कुठून आला? फळी सरकली? मशीन? की आखणीतच काही?

"मशीन तपासल्याशिवाय आज कुणालाच नको," फिजिसिस्ट म्हणाले. "दोन तास तरी जातील."

"आणि यांचं?" डॉक्टरीणबाईंनी मास्तरांकडे बघितलं. "कोडं सुटलं नाही तर नवीन स्कॅन, नवीन आखणी. तीन-चार दिवस जातील."

"खंड पडेल?" मास्तरांनी विचारलं.

"पडेल."

"आणि आतापर्यंतचे अकरा? ते कुठे लागले?"

"मागच्या सोमवारचं चित्र अगदी बरोबर होतं मास्तर. जे काही झालंय ते त्यानंतरच. आधी बघू तर द्या आम्हाला. तुम्ही कपडे घालून बाहेर बसा."

बाहेर नऊ माणसं भरल्या पोटाने बसली होती. मास्तर दिसताच सगळ्यांनी आशेने बघितलं. मागून ताईंनी येऊन सांगितलं, की मशीनची तपासणी आहे, थांबावं लागेल, हवं त्यांनी मोकळं होऊन यावं आणि पुन्हा पाणी प्यावं. खोलीत जी धावाधाव झाली ती विचारू नका. पोस्टमन सगळ्यांत पुढे होते. परतल्यावर त्यांनी ताजी बातमी आणली, "मशीन फुटलं म्हणे."

"कुणी सांगितलं?" मास्तरांच्या सोबत आलेल्या बायकोने विचारलं.

"मीच अंदाज केला."

बायकोने मास्तरांना बाजूला घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरून तिला तसं अर्धं कळलंच होतं. "काय केलंत?"

मास्तरांनी सांगितलं.

"शर्ट आहात का तुम्ही? अं? अस्तर लावायचं राहिलं की तेवढं! चाळीस वर्षं तुमच्या कात्रीला कुणी हात लावला तर तुम्ही घर डोक्यावर घेता, आणि त्या बाईच्या रेघेला..." तिचा आवाज फाटला. "खंड पडू द्यायचा नाही असं बजावलं होतं ना हो त्यांनी?"

मास्तर कपडे बदलायच्या खोलीत शिरले, दार लावलं. डोक्यात नुसती गरगर. आपण उजवीकडे सरकवली. चित्र डावीकडे म्हणतं. टेप खोटं बोलत नाही. मशीनही बोलत नाही म्हणतात. मग खोटं कोण बोलतंय?

त्या खोलीत दारामागे एक छोटा आरसा होता. मघाशी घाईत शर्टाची बटणं खालीवर लागली होती, ती सोडून मास्तर सवयीने पुन्हा लावू लागले. सवयीनेच मनात बोलले, हा गिऱ्हाइकाचा डावा पल्ला वर, हा उजवा पल्ला खाली. आणि त्यांचा हात बटणावरच थांबला. कारण वर आलेला पल्ला आरशातल्या माणसाच्या हिशेबाने उजवा होता. पुरुषाच्या शर्टाचा उजवा पल्ला कधी वर येतो का? जगबुडी झाली तरी येत नाही.

मास्तरांनी एकेक करून दोन्ही हात वर केले. पुन्हा खाली आणले. चाळीस वर्षं समोर उभ्या माणसाचं माप घेताना ते उलटंच मोजत आले होते. समोरच्याचं डावं आपल्या उजव्या हाताला, समोरच्याचं उजवं आपल्या डाव्या हाताला. इतकं हाडीमासी खिळलेलं, की काल आरशासमोरही त्यांनी स्वतःला गिऱ्हाईक समजून उलटंच मोजलं. रेघ डावीकडे ओढली आणि नाव उजवीकडचं दिलं. मशीनचं काही चुकलं नव्हतं. हरवलेला एक इंच मास्तरांच्या जिभेवर होता.

आता सांगणार कोण, आणि कसं? बाहेर पोस्टमन. पोस्टमनला कळलं म्हणजे आठवड्यात पंचक्रोशीला कळणार, की इंचमास्तरांना स्वतःचं डावं-उजवं कळत नाही. गिऱ्हाइकं बाही धरून विचारतील, ही कुठली हो मास्तर? न सांगावं, तर मशीन आपोआप निर्दोष सुटेल दोन तासांत. फक्त आपला खंड पडेल. आणि ती नऊ माणसं पुन्हा तीन-तीन ग्लास पाणी पितील.

मास्तर बाहेर आले ते शर्टाची तीन बटणं उघडी टाकूनच. आणि दबक्या आवाजात सांगायचं ठरवलं होतं ते घाबरण्याच्या भरात सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं ओरडून बसले, "ताई! ती रेघ डावीकडेच! मीच आरशात उलटं मोजलं हो!"

पोस्टमनने बाटलीचं झाकण लावलं.

ताईंना आधी काही कळेना. मग त्यांनी मास्तरांना समोर उभं केलं. "डावा हात वर करा." मास्तरांनी बरोबर केला. "आता मी गिऱ्हाईक. माझा डावा खांदा दाखवा." मास्तरांनी क्षणात, न चुकता दाखवला. "आता मशीनच्या खोलीच्या त्या काचेत दिसताय ते तुम्ही. त्यांचा डावा खांदा?" मास्तरांचं बोट गेलं थेट चुकीच्या खांद्यावर.

फिजिसिस्टांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाले, "अर्धा इंच डावीकडे. जवळपास पावणेतेरा मिलिमीटर. चित्रात बारा आणि थोडं. जुळतंय!" तरीही त्यांनी शिरस्त्याप्रमाणे मशीनची छोटी चाचणी घेतलीच. वीस मिनिटांत ती पार पडली, आणि मास्तर पुन्हा फळीवर गेले. तोवर पाणी पुन्हा प्यावं लागलं होतं, हे सांगायला नकोच.

ताईंनी जुन्या चित्रावरून फळी सरकवली, पुन्हा ताडून बघितलं, मग मास्तरांची ती देखणी रेघ स्पिरिटने पुसली आणि मूळ जागी स्वतःची ओढली. मास्तर छताकडे बघत होते, पण राहवेना.

"ताई, एक विचारू? रागावू नका. ती मधोमध नाहीच ना?"

"नाही."

"मग मधोमध का नाही?"

"गाठ काय मधली पट्टी बघून होते का मास्तर? सगळा हिशेब जुळला तो तिथे. तुम्ही दोन्ही बाजू सारख्या करायला निघालात, आणि आम्ही एकीकडेच जास्त बघतोय."

मास्तर विचारात पडले. चाळीस वर्षांत सारखे नसलेले पल्ले बरोबर असतात, असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

शेक झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. आता ओरडा बसणार म्हणून मास्तर खाली मान घालून उभे राहिले. "कंबर एक इंच उतरलीय हे मात्र तुम्ही बरोबर पकडलंत," त्या म्हणाल्या. "वजन काट्यावर घेऊ. असंच उतरत राहिलं, तर आखणी खरंच नव्याने करावी लागेल."

"म्हणजे माझं बरोबर होतं की चुकलं?"

"दोन्ही."

मास्तर बाहेर आले ते आणखी गोंधळून. बायकोने विचारलं, काय म्हणाल्या? त्यांना नीट सांगता येईना.

घरी गेल्यावर बायकोने दुकानातले खडू, पेनं, सगळं पत्र्याच्या डब्यात भरून कुलूप घातलं. सुई-दोरा मात्र राहिला. मंगळवारी मास्तर आले तेव्हा शर्टाच्या एका बाहीवर, कोपराशी, लाल दोऱ्याचे दोन टाके होते.

"हे काय?" ताईंनी विचारलं.

"ही डावी," मास्तर म्हणाले. "आता चुकणार नाही."

मागून पोस्टमन म्हणाले, "डावी म्हणजे तुमची, की आरशातल्याची?"

मास्तरांनी बाहीकडे बघितलं. मग काचेत बघितलं. मग पुन्हा बाहीकडे.

"ताई," ते म्हणाले, "तुम्हीच बघा बाई," आणि तीन ग्लास पाणी पोटात घेऊन, दोन्ही हात छातीवर ठेवून, तेराव्या शेकाला आडवे झाले.